मॅटरहॉर्नची हॉर्न्ली धार: सॉल्वे निवाऱ्यात मुक्काम धरून बेत आखावा का?

नाशिकच्या एका गिर्यारोहकाने विचारलं आहे: "आम्ही तिघं मित्र, वयं तीस ते अडतीस. दहा-बारा वर्षं सह्याद्रीत चढाई करतोय. लिंगाणा, तैलबैला, वजीर, अलंग-मदन-कुलंग झालंय. दोघांचा बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स झालाय. पुढच्या उन्हाळ्यात मॅटरहॉर्न करायचाय, गाईड परवडत नाही. एका दिवसात बाराशे मीटर वर आणि तेवढंच खाली जड वाटतं. म्हणून पहिल्या दिवशी चार हजार मीटरवरच्या सॉल्वे हटपर्यंत जायचं, तिथे झोपायचं, दुसऱ्या दिवशी माथा करून उतरायचं, असा बेत आहे. बरोबर आहे का? स्लीपिंग बॅग न्यावी का?"

मॅटरहॉर्न म्हणजे आल्प्समधलं, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचं शिखर, आणि हॉर्न्ली ही त्याची स्वित्झर्लंडच्या बाजूची नेहमीची धार. सरळ उत्तर आधी देतो. हा बेत सोडा, आणि स्लीपिंग बॅग घरीच ठेवा. पण एवढ्यावर थांबलो तर तुम्हाला काहीच उपयोग नाही, कारण एका दिवसाचं जड वाटणं खरं आहे आणि त्याला उत्तर हवंच. ते सविस्तर लिहितो.

मी मूळचा पुण्याचा. चढाई सह्याद्रीतच शिकलो. गेली सोळा वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ राहतोय आणि जवळजवळ प्रत्येक उन्हाळा आल्प्समध्ये काढतोय. हॉर्न्ली धारेवर पाच वेळा गेलो, तीनदा माथा झाला, दोनदा परत फिरलो. गाईडचा परवाना माझ्याकडे नाही, तेव्हा हे एका हौशी चढाईवाल्याचं मत समजा. पण महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच मित्रांबरोबर इथे दोर बांधलाय, त्यामुळे आपल्या लोकांच्या सवयी मला ओळखीच्या आहेत, चांगल्या आणि अडचणीच्या दोन्ही.

पहिल्यांदा सॉल्वे म्हणजे काय ते बघू. अर्नेस्ट सॉल्वे हा बेल्जियन उद्योगपती, सोडा बनवण्याच्या पद्धतीवर मोठा झालेला. १९११ साली ब्रुसेल्सला आइन्स्टाइन, मेरी क्यूरी वगैरे मंडळी ज्या परिषदेला जमली, ती याच्याच नावाची. त्याला डोंगरांची ओढ होती आणि त्याच्या देणगीतून हा निवारा १९१५ साली धारेवर उभा राहिला, १९१७ मध्ये खुला झाला. उंची ४००३ मीटर. दहा माणसांची जागा. लाकडी खोली, फळ्यांचे बाक, ब्लँकेटं आणि मदत मागायला फोन. पाणी नाही, स्वयंपाक नाही, रखवालदार नाही. दाराला कुलूप नसतं, कारण संकटातल्या माणसाला ते उघडं मिळायला हवं. नियमही तेवढाच आहे: फक्त आणीबाणीत वापरायचा. ठरवून मुक्कामाला जायचं नाही.

नियम आहे म्हणून पाळा, एवढंच सांगून मला भागवायचं नाही. तो का आहे हे मी एका रात्री आत बसून पाहिलं. सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं माथ्यावरून उतरत असताना ढग अंदाजाच्या चार तास आधी चढले. माथ्याखाली 'खांदा' म्हणतात त्या भागाच्या खालच्या टप्प्यावर गारा सुरू झाल्या, दोर ओला होऊन काठीसारखा ताठला, आणि आम्ही सॉल्वेत शिरलो. आत आधीच सहाजण होते. त्यातले दोघं तुमच्यासारखाच बेत करून आलेले: बाकांवर स्लीपिंग बॅगा पसरलेल्या, कोपऱ्यात गॅस, डबे, सुकत टाकलेले मोजे. रात्री आठच्या सुमारास आणखी तिघं आले. त्यातल्या एकाचा डावा हात सुटलेल्या दगडाखाली सापडला होता. हातमोजा कात्रीने कापून काढावा लागला. मधली दोन बोटं ओळखू येत नव्हती. त्याला आडवं करायला जागा हवी होती आणि ती करता करता वीस मिनिटं गेली, कारण सामान हलवायला जागाच नव्हती. तो थरथरत दाराशी उभा. फोन केला, पण ढगात हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं, ते सकाळी सहाला आलं. बॅगा पसरलेले ते दोघं वाईट माणसं नव्हती. त्यांनी ब्लँकेटं दिली, चहा केला, रात्रभर जागले. पण त्यांच्या बेतात ही माणसं धरलेलीच नव्हती. दहाच्या खोलीत आम्ही अकराजण होतो.

आता तुमच्या दृष्टीने बघा. समजा नियम नसता, तरी हा बेत तुमच्या फायद्याचा नाही. मुक्काम करायचा म्हणजे स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, गॅस, जादा जेवण, बर्फ वितळवायला भांडं. माणशी पाच-सहा किलो सहज वाढले. त्या धारेवर पाच-सहा किलो म्हणजे प्रत्येक पायरीला थोडा उशीर आणि तोल जाण्याची थोडी जास्त शक्यता. चार हजार मीटरवर पहिल्याच रात्री झोप लागत नाही, डोकं ठणकतं. दुसऱ्या दिवशी अशा रात्रीनंतर पावणेपाचशे मीटर चढायचं आणि बाराशे मीटर उतरायचं. म्हणजे जो भाग सगळ्यात धोक्याचा, तो तुम्ही सगळ्यात थकलेल्या अवस्थेत करणार. काम दोन दिवसांत वाटल्यासारखं दिसतं खरं, पण अवघड भाग सगळा दुसऱ्याच दिवसावर पडतो.

मग खरा प्रश्न काय? माझ्या मते तुमचा प्रश्न मुक्कामाचा नाही, वेगाचा आहे. आणि वेग म्हणजे धावणं नव्हे. सोप्या कातळावर न थांबता, दोर न गुंतवता, वाट न चुकता आठ-दहा तास हलत राहणं.

आकडे मांडतो. झेरमॅट गाव साधारण १६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास. तिथून केबल कारने श्वार्झसे, २५८३ मीटर. पुढे दोन तासांची पायवाट आणि ३२६० मीटरवर हॉर्न्ली हट. मुक्काम इथे करायचा असतो. हट १८८० पासून आहे, आत्ताची इमारत २०१५ साली पहिल्या चढाईच्या दीडशेव्या वर्षी नव्याने उघडली. खाटा १३०, आणि त्या मुद्दाम आधीपेक्षा कमी केल्यात, धारेवर गर्दी होऊ नये म्हणून. आसपास तंबू लावायला बंदी आहे. माथा ४४७८ मीटर. म्हणजे चढ १२१८ मीटर, त्यातले ७४३ मीटर सॉल्वेपर्यंत, उरलेले ४७५ त्यावर.

हटवरून सॉल्वेला अडीच ते तीन तासांत पोचला नाहीत तर परत फिरा, असं इथले गाईड सांगतात. मी ते अक्षरशः पाळतो. पहाटे साडेचारला निघून साडेसातला सॉल्वेत असाल, तर दहाच्या सुमारास माथा, साडेबारापर्यंत परत सॉल्वे, दुपारी साडेतीनला हट. आता सॉल्वेलाच पाच तास लागले असं धरा. साडेनऊ वाजले. त्याच गतीने माथा पावणेएकला. परत सॉल्वे चार वाजता, हट रात्री नऊला, तेही गती टिकली तर. आणि आल्प्समध्ये उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ ही रोजची शक्यता. म्हणून त्या निवाऱ्याकडे मी घड्याळ म्हणून बघतो. तिथे पोचलो की पहिलं मनगटाकडे पाहायचं, मग वर.

माझ्या पहिल्या प्रयत्नात आम्हाला सॉल्वेपर्यंत चार तास पन्नास मिनिटं लागली होती. दोघंही दमलेलो नव्हतो. चढाई अवघड वाटलीच नव्हती. तरी एवढा वेळ कुठे गेला? आम्ही लिंगाण्यावर करतो तसं केलं होतं. एकाने चढायचं, अँकर लावायचा, दुसऱ्याला बिले द्यायचा, म्हणजे दोर धरून सांभाळायचं, तो वर आला की सामानाची अदलाबदल, मग पुन्हा. प्रत्येक टप्प्याला पंधरा-वीस मिनिटं. सह्याद्रीत हे बरोबर आहे, तिथे कडा उभा असतो आणि टप्पे पाच-सहा असतात. हॉर्न्लीवर तसे टप्पे पाडायला गेलात तर पन्नास होतील. आम्ही सॉल्वेच्या दारात चॉकलेट खाल्लं आणि उतरलो. मित्राची सुट्टी तीन दिवसांत संपत होती. त्याला ते फार लागलं, मलाही लागलं. निर्णय बरोबर होता.

इथे चालते ती पद्धत अशी. जोडीने हलायचं. दोघांमध्ये आठ-दहा मीटर दोर, बाकीचा खांद्यावर वेटोळी घालून पक्का बांधलेला. पुढचा माणूस दोर दगडांच्या शिंगांमागून नेत राहतो, कधी डावीकडून, कधी उजवीकडून, म्हणजे एक घसरला तर दोर धारेवर अडकतो. अवघड जागी लोखंडी गज ठोकलेले आहेत. तिथे गजाला वेढा देऊन मागच्याला आणायचं आणि लगेच पुढे. थांबणं मिनिटाभराचं. हे वाचायला सोपं आहे. पण दोघांमध्ये काहीच अडकवलेलं नसेल, तर एकजण पडला की दोघंही गेले. कुठे वेढा घ्यायचा आणि कुठे नुसतं चालायचं, हा निर्णय दिवसभरात शंभरदा करावा लागतो. तो दुसऱ्याबरोबर वर्षभर केल्याशिवाय अंगात येत नाही.

दुसरी अडचण वाटेची. 'धार' म्हटल्यावर आपल्याला वाटतं, माथ्याच्या रेषेवरून जायचं. खालच्या अर्ध्या भागात वाट बहुतेक रेषेच्या डावीकडून, पूर्व भिंतीच्या अंगाने जाते. पहाटे अंधारात बॅटरीच्या उजेडात दहा मीटरपलीकडे दिसत नाही, आणि सगळीकडे मळलेल्या वाटा दिसतात. इथे मळलेली वाट फसवते, कारण शेकडो माणसं ज्या चुकीच्या वाटेने गेली ती पण मळतेच. मी एक खूण धरतो. बुटांनी गुळगुळीत झालेला, क्रँपॉनने, म्हणजे बर्फासाठी बुटाखाली लावायच्या काट्यांनी, ओरखडलेला घट्ट कातळ पायाखाली असेल तर बरोबर आहोत. घसारा लागला, हाताला येणारे दगड हलायला लागले, की चुकलो. मग पुढे रेटायचं नाही. जिथे शेवटचा घट्ट कातळ होता तिथे परत यायचं. आदल्या दुपारी हटवर पोचल्यावर आराम न करता पहिले दीड-दोनशे मीटर चढून बघून या. पहिल्या दोरांच्या टप्प्यापासून घळीपर्यंतची वाट उजेडात डोक्यात बसली की पहाटेचा अर्धा तास वाचतो.

पहाटेची रांग हा आणखी एक प्रकार. हटचं दार ठरल्या वेळी उघडतं, आधी झेरमॅटचे गाईड त्यांच्या माणसांना घेऊन, मग बाहेरचे गाईड, मग आपल्यासारखे. याचा राग मानू नका. त्यांच्या मागे मागे गेलात तर वाट चुकत नाही. फक्त तुमचा वेग त्यांच्याइतका नसेल तर वीस मिनिटांत ते दिसेनासे होतील.

सॉल्वेच्या लगेच खाली एक कातळपट्टी आहे आणि लगेच वर दुसरी. दोन्हीला मोझली पाट्या म्हणतात. १८७९ साली मोझली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने उतरताना दोर सोडला आणि तो इथे पडला. चढाईच्या दृष्टीने तिसऱ्या श्रेणीची, तुम्ही वजीरवर केलंय त्यापेक्षा खूप सोपी जागा. सोपी आहे म्हणूनच दोर सोडावासा वाटतो. वर खांदा लागतो, बर्फ सुरू होतो, मग जाडजूड कायमचे दोर लावलेला उभा टप्पा. त्या दोरांवर हातांनी लोंबकळत जायचं नाही, पायांवर वजन ठेवायचं. नाहीतर ४३०० मीटरवर दंड भरून येतात आणि उतरताना मुठी वळत नाहीत. त्यावर 'छप्पर', म्हणजे चाळीसेक अंशाचा बर्फाचा उतार. क्रँपॉन इथे लागतातच. आणि माथा म्हणजे एक अरुंद, लांबट बर्फाची कड, एका टोकाला स्वित्झर्लंड, दुसऱ्या टोकाला इटली.

उतरण्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. १४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकासह सातजण पहिल्यांदा याच धारेने माथ्यावर पोचले. उतरताना हॅडो हा अननुभवी तरुण घसरला, त्याच्या धक्क्याने गाईड मिशेल क्रो गेला, मागोमाग हडसन आणि लॉर्ड डग्लस. डग्लस आणि म्हाताऱ्या पीटर टाउगवाल्डरमधला दोर तुटला, म्हणून टाउगवाल्डर बाप-लेक आणि व्हिंपर वाचले. तो तुटका दोर आजही झेरमॅटच्या संग्रहालयात आहे. वर जायच्या आदल्या दिवशी तो जरूर बघा. करंगळीएवढा जाड दिसतो. मी सोबत आलेल्या प्रत्येकाला तिथे नेतो.

आपल्याकडे उतरणं म्हणजे रॅपलिंग. सुळका केला, बोल्टला दोर लावला, सरसर खाली. त्यामुळे हातापायांनी उतरण्याचा सराव जवळजवळ शून्य. हॉर्न्लीवर प्रत्येक पायरीला रॅपल करायला गेलात तर दोर दगडांत अडकतो, ओढताना दगड खालच्यांवर पडतात, आणि रात्र होते. मोजक्या जागा सोडल्या तर सगळं चालत, तोंड बाहेर करून, दरी समोर ठेवून उतरायचं. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. सहसा तेवढाच लागतो, नवख्यांना जास्त.

तुमच्या जमेच्या बाजूही सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. दृष्टिभय, म्हणजे खालची खोली बघून वाटणारी भीती, आपल्या लोकांना कमी असतं. जो माणूस भर उन्हात, पाठीला सॅक, वाळल्या गवतावरून कोकणकड्याच्या काठाने गेलाय, त्याची नजर हजार मीटर खोलीवर स्थिर राहते. घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा, दगडाला हात घालण्याआधी तो थोपटून कसा बघायचा, हे युरोपातल्या जिममध्ये शिकलेल्या पोरांना येत नाही, आपल्याला येतं. आणि मॅटरहॉर्नचा दगड दिसतो तेवढा पक्का नाही. त्याचे तुकडे बर्फाने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. २००३ च्या उन्हाळ्यात फार गरम झालं तेव्हा जुलैमध्ये याच धारेवरचा मोठा भाग कोसळला, वर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं आणि वाट काही काळ बंद झाली. त्यानंतर संशोधकांनी ३५०० मीटरच्या आसपास धारेवरच्या भेगांमध्ये यंत्रं बसवलीत, दगड किती सरकतो ते मोजायला. म्हणून पहाटेची थंडी संपायच्या आत वर जायचं. पूर्व भिंतीवर ऊन आलं की दगड सुटायला लागतात.

तिघांचा प्रश्न राहिला. एका दोरावर तिघं नको. वेळ दीडपट होतो आणि मधल्या माणसाच्या हालचालीवर कुणाचंच नीट लक्ष राहत नाही. चौथा तोलामोलाचा साथीदार मिळवा, किंवा दोघं जोडीने आणि तिसरा गाईडबरोबर. झेरमॅटचे गाईड या धारेवर एकाच माणसाला नेतात, खर्च दीड हजार फ्रँकच्या वर जातो, हट वेगळी. रक्कम मोठी आहे, मला मान्य आहे. तरी तिघांतला ज्याचा कोर्स झालेला नाही त्याच्यासाठी मी हाच खर्च करा म्हणेन. चांगला गाईडही आधी एखादी छोटी चढाई सोबत केल्याशिवाय माणसाला इथे नेत नाही.

गाईड असो वा नसो, ती पूर्वतयारी तुम्हीही करा. झेरमॅटला पोचल्यावर निदान आठवडा हाताशी ठेवा. पहिल्यांदा रिफेलहॉर्न, २९२८ मीटर. झेरमॅटहून वर जाणाऱ्या डोंगरी रेल्वेच्या स्टेशनपासून जवळ, आणि जोडीने दोरावर हलण्याचा सराव करायला उत्तम. मग ब्राइटहॉर्नची धार किंवा ४०९२ मीटरचा पोलुक्स. तिथे कातळ आणि बर्फ आलटून पालटून येतो, क्रँपॉन घालून दगडावर चालायची सवय होते आणि उंचीही अंगात मुरते. ब्राइटहॉर्नच्या धारेवर चढाईच्या पुस्तकात दिलेल्या वेळेपेक्षा तुम्हाला दुप्पट वेळ लागला, तर हॉर्न्लीचं नाव त्या वर्षी काढू नका. ब्राइटहॉर्नचा माथाही चार हजारांच्या वर आहे आणि तिथून दिसणारा मॅटरहॉर्न आयुष्यभर लक्षात राहतो.

वर झोपून, दोन दिवसांत विभागूनच करायचं असेल, तर एक रस्ता आहे, तो इटलीच्या बाजूने. लायन रिजवर, म्हणजे सिंह धारेवर, ३८३० मीटरवर कॅरेलच्या नावाचा निवारा आहे. तो त्यासाठीच आहे. झाँ-आंत्वान कॅरेल व्हिंपरच्या तीनच दिवसांनंतर त्या बाजूने माथ्यावर पोचला होता. पण ती वाट हॉर्न्लीपेक्षा कठीण आहे, टिंडल शिखरावरून लांबच लांब धार, दोर, वर दोरशिडी. आणि त्या हंगामात निवारा उघडा आहे का, जागा राखावी लागते का, हे इटलीच्या बाजूच्या चेर्व्हिनिया गावातल्या गाईडांना विचारूनच ठरवा. पहिल्या आल्प्स दौऱ्यात मी ती सुचवणार नाही.

हवामानाचं फार लांबवत नाही. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हंगाम, ताजा बर्फ पडला तर धार कोरडी व्हायला तीन-चार दिवस द्यायचे. मात्र सुट्टीबद्दल बोलायला हवं. भारतातून येणारा माणूस दहा दिवसांची रजा, व्हिसा, विमानभाडं, घरच्यांची परवानगी एवढं सगळं खांद्यावर घेऊन येतो. सॉल्वेच्या दारात उशीर झालेला असताना तो सगळा भार बोलायला लागतो: पुन्हा कधी येणार? म्हणून परत फिरायची वेळ नाशिकमध्ये, चहाच्या टेबलावर ठरवा, कागदावर लिहा, तिघांनी सह्या करा. वर गेल्यावर तो विषय उघडायचा नाही.

विमा काढताना बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवासविम्यांत दोराने केलेली चढाई धरलेली नसते. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या सभासदत्वात बचावाचा विमा येतो. तुमच्या बाबतीत तो कसा लागू होतो ते आधी लिहून विचारा. मदतीसाठी १४४ हा नंबर फोनमध्ये ठेवा, आणि बॅटरी अंगाजवळ, थंडीत ती झपाट्याने उतरते.

एव्हाना तुम्हाला वाटत असेल, मग सॉल्वेत शिरायचंच नाही का? जरूर शिरायचं. वादळ आलं, कुणाला लागलं, उंचीने डोकं फिरायला लागलं, तर आत जा, फोन करा, थांबा. त्यात लाज नाही. फक्त तिथपर्यंत जाताना पाठीवर मुक्कामाचं सामान नसावं. आत शिरून बसायची एक हलकी आणीबाणीची पिशवी, जादा हातमोजे, पातळ डाउन जॅकेट, थोडं खाणं, दीड-दोन लिटर पाणी, एवढ्यावर एक रात्र निघते. आमची निघाली.

आता तुम्ही काय करायचं. आल्प्सचा हंगाम नेमका आपल्या पावसाळ्यात येतो, तेव्हा तुमच्याकडे नोव्हेंबर ते मे एवढाच कोरडा काळ आहे. नवे सुळके शोधत बसू नका. तुम्हाला पाठ असलेली, सोपी, लांब जागा निवडा. पहाटे चारला, अंधारात, जाड तळव्याचे बूट घालून निघा. दोघांनी, दहा मीटर दोरावर, आधी कुणी लावलेले दोर न वापरता. जिथे पडलं तर थांबणार नाही तिथे वेढा घ्या, बाकी ठिकाणी हलत राहा. आणि जे चढलात ते हातापायांनी उतरा, रॅपल फक्त जिथे खरंच उभं आहे तिथे. सुरुवात अगदी सोप्या जागेवर करा, सरावात जीव घालायचा नाही. महिन्यातून दोन रविवार असे द्या. चढायला किती, उतरायला किती, हे वेगळं लिहून ठेवा. सुरुवातीला उतरण्याचा आकडा मोठा दिसेल.

मार्चपर्यंतचे ते आकडे इथे लिहा, तिघांचे वेगवेगळे. जागा कुठली, दोर किती लांब ठेवला, कुठे थांबलात, तेही लिहा. मग पुढच्या उन्हाळ्यात हॉर्न्ली की ब्राइटहॉर्न, हे आपण मिळून ठरवू. मी तेव्हा इथे असेन, आणि तुम्ही आलात तर रिफेलहॉर्नवर एक दिवस तुमच्याबरोबर नक्की येईन.